गणपतीनंतरची स्पेन सहल : कोकणातील एका यात्रासंस्थेच्या सेवेविषयी

रत्नागिरीत छोटे कार्यालय असलेल्या एका यात्रासंस्थेबरोबर आम्ही उभयतांनी यंदा स्पेनमधील शहरे पाहिली. बार्सिलोना, वालेन्सिया, माद्रिद, कॉर्दोबा, सेव्हिल आणि ग्रानादा असा क्रम होता, आणि माद्रिदच्या मुक्कामात तोलेदोला जाऊन येणे होते. संस्थेचे नाव येथे दिलेले नाही. ज्या गोष्टी खटकल्या त्या चालकांना पत्राने सविस्तर कळवल्या आहेत. हे लेखन कोणत्याही संस्थेची स्पेन सहल निवडताना कोकणातील वाचकांच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठी आहे. सहल उत्तम झाली, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ती उत्तम होण्याचे मुख्य कारण असे, की तिची आखणी करताना स्पेनमधील माणसे कधी उठतात, कधी जेवतात आणि कधी रस्त्यावर येतात याचा विचार आधी केलेला होता आणि प्रेक्षणीय स्थळांची यादी त्यानंतर बसवलेली होती.

सहल निघते ती गणपतीचे विसर्जन आणि भातकापणी यांच्या मधल्या मोकळ्या काळात. एप्रिल-मे महिन्यांत निघणाऱ्या युरोपच्या सहली आमच्याकडील बागायतदारांच्या काही कामाच्या नसतात, कारण तेव्हा आंबा पेटीत भरायचा असतो. आमच्या गटात देवगडचे एक बागायतदार दांपत्य होते, मालवणात खानावळ चालवणाऱ्या एक काकू होत्या, चिपळूणचे निवृत्त शिक्षक होते आणि गुहागरकडची दोन शाकाहारी कुटुंबे होती. पंचविसांच्या आतला गट असल्यामुळे सर्वांची एकमेकांशी ओळख मुंबईचा विमानतळ येण्यापूर्वीच झाली. शिवाय निघण्याच्या काही आठवडे आधी रत्नागिरीत एक बैठक झाली. तीत व्हिसाच्या कागदपत्रांपेक्षा अधिक वेळ सहलप्रमुख बाईंनी जेवणाच्या वेळा समजावून देण्यात घालवला. त्या वेळी काहींना ते अति वाटले. तिकडे गेल्यावर मात्र त्या बैठकीचे मोल कळले.

नकाशात पाहिले तर स्पेन बराचसा लंडनच्या रेषेत किंवा तिच्याही पश्चिमेला येतो. तरीही त्याचे घड्याळ १९४० पासून मध्य युरोपाच्या वेळेप्रमाणे चालते. त्यामुळे घड्याळात दोन वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर येत असतो, आणि सप्टेंबरच्या अखेरीसही सेव्हिलमध्ये आठ वाजेपर्यंत उजेड असतो. दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर, हा तिथला रिवाज आहे. अनेक सहलसंस्था यावर उपाय म्हणून सायंकाळी सात वाजता एखाद्या भारतीय उपाहारगृहात पनीर, डाळ आणि जिरा राइस असे जेवण देतात आणि गट साडेआठला हॉटेलवर परत नेऊन सोडतात. म्हणजे ज्या घटकेला शहर घराबाहेर पडते, त्याच घटकेला आपली माणसे खोलीत कोंडली जातात. आमच्या संस्थेने हे टाळले. दुपारचे जेवण हेच मुख्य धरून ते स्थानिक खाणावळीत ठेवलेले असे. तिथे पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, गोड किंवा फळ आणि पेय अशी ठरलेल्या किमतीची थाळीवजा व्यवस्था, ज्याला ते लोक ‘मेनू देल दिया’ म्हणतात, आठवड्याच्या कामाच्या दिवसांत जवळजवळ सर्वत्र मिळते. सायंकाळी सहाच्या सुमारास चुरो, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, आणि घट्ट चॉकलेट किंवा साधी कॉफी, आणि रात्री नऊला जो तो आपापल्या भुकेप्रमाणे. ज्यांना मधुमेहामुळे वेळेवर खावे लागते त्यांच्यासाठी बाईंच्या पिशवीत चिवडा आणि राजगिऱ्याच्या वड्या सदैव असत. “काका, नऊ वाजेपर्यंत दम धरवेल ना?” असे त्या रोज सायंकाळी चिपळूणच्या सरांना विचारत, आणि उत्तर काहीही आले तरी वडी हातात ठेवत.

बार्सिलोनात मुक्काम एइशांप्ले या भागात होता, आणि तो तिथे असणे ही मोठी सोय ठरली. इल्देफॉन्स सेर्दा या अभियंत्याच्या १८५९ च्या आराखड्याप्रमाणे वसवलेला हा भाग चौरस ठोकळ्यांचा आहे, पण प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे छाटलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक चौकात मोकळी जागा निर्माण होते, उजेड येतो आणि वळणावर समोरचे वाहन लांबून दिसते. वयस्कर माणसांना रस्ता चुकण्याची भीती या भागात फारशी वाटत नाही. वास्तुविशारद अँतोनी गौदीच्या कासा बात्यो आणि कासा मिला या इमारती येथून पायी जाण्याइतक्या जवळ आहेत. संस्थेने त्या दोन्ही फक्त पदपथावरून दाखवल्या. खर्चाचे कारण मला समजते, तरीही निदान एका इमारतीच्या आतले तिकीट शुल्कात धरावे असे वाटते, कारण कासा मिलाच्या गच्चीवरच्या धुराड्यांचे आकार पाहिल्याशिवाय त्या माणसाची कल्पनाशक्ती कुठवर जात होती हे कळत नाही.

सग्रादा फॅमिलियाच्या बाबतीत मात्र संस्थेने घेतलेल्या काळजीला तोड नाही. या चर्चचे काम १८८२ मध्ये सुरू झाले, १८८३ मध्ये ते अँतोनी गौदीकडे आले आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धक्क्याने त्याचा मृत्यू होईपर्यंत तो त्यातच गुंतलेला होता. त्याला तिथल्याच तळघरात पुरले आहे. आत प्रवेश वेळ ठरवून दिलेल्या तिकिटानेच मिळतो, आणि आमच्यासाठी बाईंनी मुद्दाम दुपारी उशिराची वेळ घेतली होती. चर्चच्या एका बाजूच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत आणि समोरच्या बाजूच्या पिवळ्या, नारिंगी, लाल. सकाळी निळी बाजू उजळते, दुपार कलली की लाल. आम्ही आत शिरलो तेव्हा उन्हाची तिरीप लाल काचांमधून येऊन समोरच्या खांबांवर पडली होती, आणि खांबाचा खालचा भाग केशरी व वरचा भाग राखाडी दिसत होता. हे खांब सरळ नाहीत. ते किंचित कलते आहेत आणि वर गेल्यावर झाडासारखे फुटतात. ज्या खांबांवर अधिक भार आहे ते अधिक कठीण दगडाचे आहेत. मध्यभागी लालसर पोर्फिरी, मग बेसाल्ट, मग ग्रॅनाइट, आणि सर्वांत हलक्या भाराखाली वालुकाश्म. चिपळूणच्या सरांनी हाताच्या तळव्याने दगडांचा थंडावा पाहिला आणि कोणता दगड कोणता हे आम्हाला क्रमाने दाखवले. भार आणि आकार यांचे नाते गौदीने कागदावर मांडले नाही. जवळच्या कोलोनिया ग्युएल या वसाहतीतील चर्चसाठी त्याने छताला दोऱ्या टांगून त्यांना छर्ऱ्यांच्या लहान पिशव्या बांधल्या आणि त्या उलट्या लोंबत्या आकारावरून कमानी ठरवल्या. सग्रादा फॅमिलियाच्या मधल्या मुख्य मनोऱ्याची उंची १७२.५ मीटर ठरवण्यामागेही विचार होता: माणसाने उभारलेली वस्तू शहराशेजारच्या मोन्जुइक टेकडीपेक्षा, म्हणजे ईश्वराने घडवलेल्या वस्तूपेक्षा, उंच असू नये.

बाजार दाखवताना बहुतेक गट रांब्ला रस्त्यावरच्या बोकेरियात नेतात. तिथे आता कापलेल्या फळांचे पेले आणि छायाचित्रे घेणाऱ्यांची गर्दी यांतून खरा ग्राहक शोधावा लागतो. आम्हाला नेले ते सांता कातेरिना बाजारात. एन्रिक मिरायेस या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे नूतनीकरण होऊन हा बाजार २००५ मध्ये पुन्हा उघडला; त्याचे लाटांसारखे छप्पर रंगीत षट्कोनी फरशांनी मढवलेले आहे. आत मासळीच्या फळ्यांसमोर मालवणच्या काकू बराच वेळ उभ्या राहिल्या. बर्फावर म्हाकुल, कोळंबी, शिनाणे आणि चमचमणाऱ्या आंचोव्या पडल्या होत्या. आमची मांदेली या आंचोव्यांच्याच कुळातली. काकूंनी एका माशाकडे बोट दाखवून सांगितले, “मासो ताजो आसा, डोळे बघा तेचे.” विक्रेत्या बाईला मालवणी येत नव्हती, पण बोटाचा रोख तिला कळला, आणि तिने तो मासा उचलून त्याचे कल्लेही उघडून दाखवले. सहलपत्रिकेत या बाजारासाठी अर्धा तास लिहिलेला होता. बाईंनी तो वाढवून दुप्पट केला आणि पुढचे एक दुकान गाळले, हे मला फार योग्य वाटले.

वालेन्सिया हा या सहलीचा सर्वांत भरीव भाग ठरला, आणि कोकणातल्या माणसाला तो तसा वाटणे स्वाभाविक आहे. शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा नावाचे गोड्या पाण्याचे मोठे सरोवर आहे. वाळूच्या अरुंद पट्टीने ते समुद्रापासून वेगळे झालेले आहे आणि त्याच्या भोवताली मैलोन्मैल भातखाचरे आहेत. तिथे मे महिन्यात पाणी भरलेल्या शेतात मोड आलेले बी थेट फेकतात, लावणी करत नाहीत, आणि सप्टेंबरात कापणी होते. आम्ही गेलो तेव्हा काही खाचरे कापून झाली होती आणि काहींत यंत्रे फिरत होती. देवगडच्या बागायतदारांनी बांधावर उतरून एक लोंबी हातात घेतली, दाणा दातांनी फोडून पाहिला आणि आखूड जाड दाण्याचे हे भात पाणी किती पिईल याचा अंदाज केला. तो अंदाज दुपारी पानात आल्यावर खरा ठरला.

सरोवराच्या काठी एल पाल्मार नावाचे गाव आहे, जे एके काळी पाण्यातले बेट होते आणि जिथे मासेमारांची वस्ती होती. तिथल्या एका साध्या खाणावळीत पाएया, म्हणजे उथळ कढईत रांधलेला तिथला भात, आधी सांगून ठेवलेली होती, आणि ती रांधताना पाहायला मिळेल अशी अटही संस्थेने घातलेली होती. संत्र्याच्या लाकडांच्या जाळावर दोन कानांची, रुंद आणि अगदी उथळ लोखंडी कढई ठेवलेली होती. प्रथम ऑलिव्ह तेलात कोंबडी आणि सशाचे तुकडे तांबूस होईपर्यंत परतले. मग चपट्या हिरव्या शेंगा आणि ‘गारोफो’ नावाचे मोठे पांढरे वाल. मग किसलेला टोमॅटो, लाल मिरचीची पूड, पाणी आणि केशर. पाणी चांगले उकळून त्याला चव आल्यावरच तांदूळ पडला, आणि एकदा तो सारखा पसरला की त्यानंतर कोणी त्याला झारा लावला नाही. हा या पदार्थाचा पहिला नियम आहे, कारण ढवळले की दाण्यातील पिष्ट सुटते आणि भात चिकट होतो. तांदळाचा थर बोटभरही नसतो. सुरुवातीला मोठा आणि मग मंद जाळ, असे करत पाणी आटले की तळाशी जो थर धरतो त्याला ‘सोकार्रात’ म्हणतात आणि तो करपू न देता खरपूस होऊ देणे यातच रांधणाऱ्याचे कसब असते. पेज किंवा भात काढल्यावर तपेलीच्या तळाची खरवड मुले भांडून खातात, तशीच ही खरवड तिथली मोठी माणसे मागून घेतात. कढई टेबलाच्या मध्यभागी आली आणि ज्याने त्याने लाकडी चमच्याने आपल्या समोरचा त्रिकोणी भाग खात मध्याकडे सरकायचे, असे तिथल्या माणसाने करून दाखवले.

वालेन्सियाच्या मूळ पाएयात समुद्रातले काही नसते, हे आमच्यापैकी अनेकांना नवीन होते. मासळीवाल्या भाताचे प्रकार वेगळे आहेत. माशांच्या रश्श्यात शिजवून मासा बाजूला वाढलेला ‘आरोस आ बांदा’ आम्ही त्याच दुपारी चाखला, आणि म्हाकुळाच्या शाईत शिजवलेला काळा भात रात्री शहरात. काळ्या भाताबरोबर लसूण आणि तेल घोटून केलेली पांढरी ‘आलीओली’ येते. ती थोडी थोडीच घ्यावी, नाहीतर शाईची खारट-गोड चव मरते. एल पाल्मारची आणखी एक खासियत म्हणजे लसूण, लाल मिरची आणि बटाटा घालून केलेले वामीचे कालवण. काकूंनी ते दोनदा मागितले, आणि त्यांचा निर्णय या विषयात मी अंतिम मानतो. शाकाहारी मंडळींसाठी भाज्यांची स्वतंत्र पाएया वेगळ्या कढईत केली होती. मात्र तिच्यात नुसते पाणी घातलेले असल्यामुळे ती सपक लागत होती. पुढच्या वर्षी संस्थेने भाज्यांचा रस्सा आधी करून घ्यायला सांगावे.

शहरात ला लोन्खा ही रेशीमबाजाराची जुनी इमारत अवश्य पाहावी. १४८२ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले आणि १९९६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मुख्य दालनातले दगडी खांब पीळ घातल्यासारखे वळत वर जातात आणि छताला मिळताना उलगडतात. समोरच १९२८ चा मध्यवर्ती बाजार आहे. तिथे ‘ओर्चाता’ हे थंड पांढरे पेय प्यावे. ते आपल्या नागरमोथ्याच्या जवळच्या जातीच्या गवताच्या कंदांपासून करतात. त्यात दूध मुळीच नसते. वास्तुविशारद सांतियागो कालात्रावाच्या कल्पनेतून उभी राहिलेली कला आणि विज्ञान नगरी मी लांबून पाहिली, आणि तेवढे मला पुरले.

माद्रिदच्या बाबतीत माझी संस्थेविषयी खरी तक्रार आहे. प्रादो संग्रहालयासाठी दीड तास ठेवणे म्हणजे ते न दाखवण्यासारखेच आहे. १८१९ मध्ये लोकांसाठी उघडलेल्या या संग्रहालयात वेलास्केसच्या ‘लास मेनिनास’ या १६५६ च्या चित्रासमोरच अर्धा तास कमी पडतो. लांबून पाहताना छोट्या राजकन्येच्या बाहीवरची जर स्पष्ट दिसते. चार पावले पुढे जावे तर तिथे कुंचल्याचे तुटक, मोकळे फटकारे तेवढे उरतात. चित्रकाराने स्वतःलाही चित्रात उभे केले आहे, आणि त्याच्या छातीवरचा लाल क्रूस हा १६५९ मध्ये त्याला सरदारकी मिळाल्यानंतर रंगवलेला आहे. मागच्या आरशात राजा-राणीचे प्रतिबिंब आहे, म्हणजे ती दोघे नेमकी आपण उभे आहोत तिथे असणार. हे सर्व आमच्या स्थानिक वाटाड्याने दोन मिनिटांत सांगितले आणि गट गोयाच्या दालनाकडे वळवला. १८०८ च्या मे महिन्यात फ्रेंच सैनिकांनी माद्रिदच्या नागरिकांना गोळ्या घातल्या, त्या प्रसंगाचे १८१४ मधील चित्र आणि त्याने आपल्या घराच्या भिंतींवर रंगवलेली, नंतर कापडावर उतरवलेली काळी चित्रे ही धावत पाहण्याची गोष्ट नव्हे. सोमवार ते शनिवार सायंकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात या वेळात प्रादोत प्रवेश विनामूल्य असतो. आम्ही काही जण दुसऱ्या दिवशी सायंकाळी रांग लावून पुन्हा गेलो. ही सवलत संस्थेने स्वतःहून सर्वांना सांगायला हवी होती. ज्यांना ती ठाऊक नव्हती ते त्या वेळी हॉटेलच्या खोलीत होते.

रेना सोफिया संग्रहालयात पिकासोच्या ‘गेर्निका’साठी मात्र पुरेसा वेळ मिळाला. २६ एप्रिल १९३७ रोजी बास्क प्रांतातील गेर्निका या गावावर बाँबहल्ला झाला आणि त्याच वर्षी हे चित्र झाले. सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद असे हे चित्र फक्त काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांत आहे. ते अनेक दशके न्यूयॉर्कमध्ये होते आणि १९८१ मध्ये स्पेनला आले. डाव्या टोकाला मेलेले मूल मांडीवर घेतलेली आई आहे. तिच्यासमोर आमच्या गटातले कोणी काही बोलले नाही आणि वाटाड्याही तेवढा वेळ थांबला.

तोलेदोविषयी थोडक्यात सांगतो. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या टेकडीवरच्या गावात चढ फार आहे. सांतो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोचे ‘ओर्गासच्या सरदाराचे दफन’ हे १५८६ ते १५८८ या काळात रंगवलेले चित्र ज्या जागेसाठी काढले त्याच जागी आजही आहे, आणि एवढ्यासाठीही तो चढ चढावा.

दक्षिणेकडे रेल्वेने जाण्याची व्यवस्था फार चांगली होती. वेगवान गाडीने माद्रिदहून कॉर्दोबा पावणेदोन तासांच्या आसपास येते आणि तिथून सेव्हिल पाऊण तास. संस्थेने मोठे सामान वेगळ्या गाडीने पुढे पाठवले, त्यामुळे फलाटावर ओढाताण झाली नाही. कॉर्दोबातली मशीद, जी आता कॅथेड्रल, म्हणजे शहराचे मुख्य चर्च, आहे, आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि दहाव्या शतकापर्यंत वाढत गेली. आत आजही ८५६ खांब आहेत. त्यांतले पुष्कळसे रोमन आणि त्यानंतरच्या व्हिसिगॉथ राजवटीच्या काळातील जुन्या वास्तूंमधून आणलेले असल्यामुळे आखूड होते. छत उंच करायचे तर एका कमानीवर दुसरी कमान उभारणे भाग होते. लाल वीट आणि फिकट दगड यांच्या पट्ट्यांच्या त्या दुहेरी कमानी अडचणीतून निघालेल्या आहेत, हे कळल्यावर त्या अधिकच सुंदर वाटतात. १५२३ मध्ये या खांबांच्या रानाच्या मधोमध ख्रिस्ती कॅथेड्रलचा उंच गाभारा उभारायला सुरुवात झाली. त्यासाठी मधले खांब पाडले गेले याचे मला वाईट वाटले. पण ज्या कारागिरांनी तो गाभारा बांधला त्यांच्या कामातही कसूर नाही.

त्याच दुपारी सान बासिलिओ भागातल्या घरांची अंगणे पाहिली. अंगण मधोमध, भोवती खोल्या, चुन्याने रंगवलेल्या भिंती आणि त्यांवर छपरापर्यंत टांगलेल्या कुंड्या. वरच्या कुंड्यांना पाणी घालण्यासाठी लांब वेळूच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला असतो, आणि घरातली एक आजी तो न सांडता एकेका कुंडीवर कलता करत होती. माझी पत्नी आणि देवगडच्या वहिनी ते पाहताना तिथेच रमल्या. बाईंनी घाई केली नाही.

सेव्हिलमध्ये ऊन कडक होते, म्हणून सकाळी आल्काझार हा राजवाडा आणि कॅथेड्रल, दुपारी विश्रांती, आणि सायंकाळी सहानंतर पुन्हा बाहेर, अशी वाटणी केलेली होती. आल्काझारमधला पेद्रो राजाचा महाल चौदाव्या शतकातला. राजा ख्रिस्ती, पण कारागिरी आणि भिंतींवरची अक्षरे अरबी धाटणीची. कॅथेड्रलचा खिराल्दा मनोरा मुळात बाराव्या शतकाच्या अखेरचा मिनार आहे. घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून त्यात पायऱ्यांऐवजी उतरणी केलेल्या आहेत. आमच्यातले गुडघेदुखीचे लोकही सावकाश वरपर्यंत पोहोचले. १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या प्लासा दे एस्पान्यात प्रत्येक प्रांताचा रंगीत फरशांचा बाक आहे आणि तिथे सूर्यास्ताच्या वेळी जावे.

रात्री नदीपलीकडे त्रियाना भागात तळलेल्या मासळीचे जेवण झाले. लहान आंचोव्या नुसत्या पिठात घोळवून ऑलिव्ह तेलात कडक तळतात आणि काट्यासकट खातात. त्याहून मोठा आनंद दिला तो ‘कासोन एन आदोबो’ने. कासोन म्हणजे आपली मोरी. तिचे तुकडे व्हिनेगर, लसूण, जिरे आणि ओरेगानो यांत मुरवून मग तळलेले असतात, आणि मोरीचा जो उग्र वास जाण्यासाठी आपल्याकडे भरपूर आगळ आणि वाटण लागते तो तिथे व्हिनेगर काढून टाकते. दोन्ही रीती आपापल्या जागी पक्क्या आहेत. त्याच टेबलावर शाकाहारी मंडळींना पालक आणि चणे जिऱ्याच्या फोडणीत शिजवलेला ‘एस्पिनाकास’ मिळाला. साऱ्या सहलीत त्यांनी सर्वांत मनापासून खाल्लेला पदार्थ तोच होता. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. स्पेनमध्ये भाजीच्या पदार्थावरही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सहज भुरभुरतात. कॉर्दोबाचे थंड टोमॅटो-पावाचे ‘साल्मोरेखो’ हे त्याचे ठळक उदाहरण. संस्थेने प्रत्येक शाकाहारी प्रवाशाला स्पॅनिशमध्ये छापलेली चिठ्ठी दिली होती, ज्यात मांस, मासा आणि अंडे यांपैकी काय चालत नाही हे स्पष्ट होते. ती दाखवली की वाढणारे आत जाऊन विचारून येत. ही चिठ्ठी या सेवेतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू होती.

ग्रानादात संस्थेची चूक झाली आणि ती लहान नव्हती. अलहंब्रा म्हणजे नासरी घराण्याच्या सुलतानांचा टेकडीवरचा किल्ला आणि महाल. त्याच्या तिकिटावर प्रवाशाचे नाव आणि पारपत्राचा क्रमांक असतो, आणि आतल्या नासरी महालांत शिरण्याची वेळ त्यावर नेमून दिलेली असते. ती चुकली की प्रवेश नाही. रोजची संख्या मर्यादित असल्यामुळे तिकिटे बऱ्याच आधी संपतात. आमच्या गटातील चौघांचे आरक्षण उशिरा झाल्यामुळे त्यांना फक्त बागा, हेनेरालिफे हा सुलतानांचा उन्हाळी महाल आणि जुना किल्ला यांचेच तिकीट मिळाले. देवगडचे दांपत्य त्यात होते. हे त्यांना कळले ते दारात. पैशांतला फरक संस्थेने नंतर परत केला आणि क्षमाही मागितली, पण सिंहांचा चौक पाहण्यासाठी इतक्या दूर आलेल्या माणसाला त्याचे काय? बारा दगडी सिंहांच्या पाठीवरचे कारंजे, त्याभोवतीचे सडसडीत खांब, आणि शेजारच्या दालनात मधाच्या पोळ्याप्रमाणे कोरलेले छत, हे आम्ही पाहत होतो तेव्हा ते बाहेर बाकावर बसलेले होते. तेराव्या शतकात दार्रो नदीचे पाणी वरच्या अंगाने पाटाने वळवून या कोरड्या टेकडीवर आणले गेले, म्हणून हा महाल येथे उभा राहू शकला. तो पाट, बागांतले उतरते पाणी आणि जिन्याच्या कठड्यातून वाहणारी नाली हेनेरालिफेत पाहता येते, आणि पाटपाण्याचे जाणकार असलेल्या देवगडच्या काकांनी तीच आम्हाला समजावून दिली. त्यांचा राग त्यांनी उघड केला नाही. मी येथे तो मुद्दाम लिहितो आहे.

सायंकाळी ग्रानादात पेय मागवले की त्याबरोबर एक छोटी खाण्याची बशी विनामूल्य येते, ही तिथली चाल आहे. दुसऱ्या पेयाबरोबर दुसरी बशी येते. लिंबू-सोडा मागवला तरी चालते. तीन दुकाने फिरले की रात्रीचे जेवण झालेले असते.

हॉटेले मध्यम, पण गावाच्या मध्यात होती आणि सर्वत्र उद्वाहन होते. चालणे पुष्कळ आहे, दगडी फरसबंदीवर आहे, आणि ज्यांना सलग तासभर चालवत नाही त्यांनी ही सहल घेऊ नये. रोज सायंकाळी आमटी-भात हवाच असणाऱ्यांचीही येथे कुचंबणा होईल. बाकीच्यांना, विशेषतः मासळीची जाण असलेल्यांना आणि भात पिकवणाऱ्यांना, मी ही सहल निःशंकपणे सुचवतो. फक्त पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: प्रादोसाठी किमान अर्धा दिवस ठेवला आहे, आणि अलहंब्राचे तिकीट नासरी महालांसह आपल्या नावावर व आपल्या पारपत्राच्या क्रमांकावर निघालेले आहे. दुसऱ्या गोष्टीची प्रत हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.